गोळ्या काय, कुणीही काढून देईल?

नाशिकला अशोकस्तंभाजवळच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी बापूनं विषय काढला. "डॉक्टर लिहितो, तू काढून देतोस. त्यात एवढं काय? आता तर मोबाइलवर दाबलं की गोळ्या घरी येतात."

बारा वर्षं मी फार्मसिस्ट म्हणून दवाखान्याच्या औषधखिडकीत उभा आहे. हे वाक्य मला लागतं, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

मग मध्यंतरी दिंडोरीकडून आलेल्या आजींची गोष्ट सांगितली. सोबत नातू. साखर उतरतच नव्हती, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस वाढवलेला. मी म्हटलं, "आजी, घरी वापरता ती सिरिंज दाखवा बरं." पिशवीतून निघाली केशरी टोपीची. बाटली मात्र एका मिलीत ४० युनिटवाली. तिला लाल टोपीची सिरिंज लागते. केशरी टोपी १०० युनिटवाल्या बाटलीसाठी. केशरीत २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ४० च्या बाटलीतून अंगात जातात फक्त ८ युनिट. लाल मिळाली नाही म्हणून नातवानं मिळेल ती आणली होती. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डोस वाढवायच्या आधीचाच राहिला, सिरिंज तेवढी बदलली.

"आणि उलटं झालं तर?" पक्यानं विचारलं.

"१०० ची बाटली, लाल टोपी, २० ची रेघ. ५० युनिट जातात. साखर इतकी खाली येते की माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जातो."

बापू जरा गप्प झाला. पक्या मात्र सोडेना. "असं विचारतं कोण? कितीतरी ठिकाणी फार्मसिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर नि माणूस भलतीकडेच." खरं आहे ते. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनंच द्यायचं. सर्टिफिकेट भाड्यानं देणाऱ्या आमच्याच लोकांचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

त्रास काय कमी आहे? संध्याकाळी रांग दारापर्यंत, त्यात एखाद्याला अँटिबायोटिकच्या तीनच गोळ्या हव्या असतात. शेड्यूल एच-वनचं, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा यादीतलं, औषध असलं की पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिलं ते रजिस्टरात लिहायचं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. मागचा माणूस "आटपा लवकर" म्हणत असतो. एकदा सांधेवाताच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट 'रोज एक' लिहिलेलं. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तपेशी घटत जातात. फोन केला, तर डॉक्टर आधी माझ्यावरच ओरडले. मिनिटभरानं त्यांचाच फोन आला, दुरुस्ती सांगायला. त्या रात्री मला शांत झोप लागली.

"सगळं मान्य," बापू म्हणाला, "पण पगार बघ तुझा. स्वतःचं मेडिकल टाक की गंगापूर रोडला."

पगार कमी आहे, हे मी नाकारलं नाही. पण दुकान टाकलं की दिवसभर गल्ल्याकडे बघावं लागेल. इथं डॉक्टर दहा पावलांवर बसतात. शंका आली की चिठ्ठी घेऊन आत जाता येतं. आजी पुढच्या वेळी आल्या, तेव्हा मी विचारायच्या आधीच त्यांनी सिरिंज काढून खिडकीत ठेवली.