माहिती न देण्याची कला

साहेब, माहिती अधिकार कायद्याखालच्या जन माहिती अधिकाऱ्याचा जादा चार्ज मिळाल्याबद्दल अभिनंदन. एकच पथ्य पाळा: 'माहिती देत नाही' असं लेखी लिहून द्यायचं नाही. नकाराला कारण द्यावं लागतं आणि दिलेलं कारण पुढे कोर्टात खोडलं जातं. आपण फक्त उशीर करायचा.

अर्ज आला की आधी शब्द मोजायला लावा. १५० शब्दांची मर्यादा महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून आहे. बोट ठेवून मोजणारा एक लिपिक हाताशी हवाच. अर्ज मापात बसला, तर मुरू द्या. २९व्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पत्र काढा: 'माहिती ४ पृष्ठांची असून प्रति पृष्ठ २ रुपयांप्रमाणे ८ रुपये भरावेत.' पोस्टाचा खर्च त्याहून जास्त होतो, होऊ दे, सरकारी आहे. पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत, ही कायद्याचीच कृपा. अर्जदार आठ रुपये घेऊन आलाच, तर रोखपाल जेवायला गेलेले असावेत.

पहिलं अपील शेजारच्या केबिनमध्ये चालतं. त्या साहेबांबरोबर आपला रोजचा चहा आहे, तेव्हा ती काळजी नको. दुसरं राज्य माहिती आयोगाकडे जातं. तिथे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड आहे खरा, पण तो ठोठावायला खुर्चीत आयुक्त लागतो. रिकामी पदं वेळेत भरा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये बजावलं, २०२३मध्ये पुन्हा बजावलं. सरकारच एवढं निवांत आहे, तर आपण कशाला धावपळ करायची?

शिवाय वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम ८(१)(ञ) आता धारदार झालंय. नोव्हेंबर २०२५पासून नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की पुरतं. रस्ता कुणी बांधला? वैयक्तिक. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ८(२) अजूनही म्हणतं. ते पान अर्जदारासमोर उघडायचं नाही.

आणि जनहित याचिका झाली तर? होऊ द्या. पक्षांना निनावी देणग्या देणाऱ्या निवडणूक रोख्यांविरुद्ध २०१७पासून याचिका होत्या, निकाल लागला १५ फेब्रुवारी २०२४ला. मधल्या काळात रोख्यांची विक्री बिनबोभाट चालू होती. निकालानंतरही रोख्यांचा तपशील द्यायला स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची मतमोजणी उरकल्यावर. कारण काय, तर देणगीदारांचा तपशील मुंबईच्या मुख्य शाखेत बंद लिफाफ्यांत, पक्षांचा वेगळा, दोन्ही जुळवायला वेळ लागतो. देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेला जुळवाजुळव जमेना! न्यायाधीशांनी विचारलं, गेल्या २६ दिवसांत काय केलंत? उत्तर तयार नव्हतं. ११ मार्चला मुदत नाकारली आणि १२ मार्चच्या संध्याकाळी माहिती हजर.

असा घोटाळा आपल्याकडे होऊ नये म्हणून वेळेत बदली मागून घ्या. चार्ज देताना मागितलेल्या माहितीच्या नस्तीचा, म्हणजे फाइलचा, उल्लेख यादीत नको. कोर्टाची नोटीस नव्या साहेबांच्या नावाने येईल. त्यांचा फोन आला, तर सांगा, 'बघा, तिथेच असेल. माझ्या वेळी होती.'