मोफत जेवणाच्या टक्केवारीवरून शाळेची गरिबी मोजू नका

अमेरिकेतील मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश फिरतो आहे. तेथील सरकारी शाळांतील निम्म्याहून अधिक मुले दारिद्र्यरेषेखाली आहेत, ज्या शाळेत शंभर टक्के मुलांना मोफत जेवण मिळते तिथे सगळीच मुले गरीब असतात आणि अशा शाळांत अभ्यास होत नाही, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. तो वाचून माझ्या भाचीने घराजवळची शाळा यादीतून काढून टाकली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिल्या दाव्याचे मूळ सदर्न एज्युकेशन फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या २०१५ मधील अहवालात आहे. २०१३ मध्ये ५१ टक्के विद्यार्थी मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र होते, हे खरे. पण ही सवलत दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के उत्पन्नापर्यंत मिळते. २०२४-२५ मध्ये चौघांच्या कुटुंबासाठी ही मर्यादा वर्षाला ५७,७२० डॉलर होती आणि दारिद्र्यरेषा ३१,२०० डॉलर. जनगणना विभागाच्या हिशेबाने २०१३ मध्ये दारिद्र्यरेषेखालील मुले सुमारे २० टक्के होती.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे. २०१० च्या कायद्याने आणलेली आणि २०१४ पासून देशभर लागू झालेली तरतूद अशी, की फूड स्टॅम्पसारख्या (गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी मिळणारी सरकारी मदत) योजनांच्या यादीवरून ठरावीक प्रमाणात मुले आपोआप पात्र ठरली, तर शाळेला सर्वांनाच मोफत जेवण देता येते आणि कोणाकडूनही उत्पन्नाचा अर्ज घ्यावा लागत नाही. हे प्रमाण आधी ४० टक्के होते, २०२३ मध्ये ते २५ टक्क्यांवर आणले गेले. शिवाय अनेक शाळांचा एक गट करून सरासरी दाखवण्याची मुभा आहे, त्यामुळे एखाद्या शाळेत हे प्रमाण त्याहूनही कमी असू शकते. कॅलिफोर्नियात तर २०२२ पासून सर्वच सरकारी शाळांत जेवण मोफत आहे. महाराष्ट्रात शालेय पोषण आहार पहिली ते आठवीच्या मुलांना उत्पन्नाचा दाखला न मागता मिळतो. त्यावरून कोणी शाळेची गरिबी ठरवत नाही, मग अमेरिकेत गेल्यावर का ठरवावी?

तिसऱ्या दाव्यात अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: या सवलतीस पात्र मुलांचे गुण सरासरीने कमी असतात. पण कॅथरीन मिशेलमोर आणि सुझन डायनार्स्की या संशोधकांनी मिशिगनमधील आठवीच्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या वर्षी पात्र असलेली मुले जवळजवळ निम्मी होती, तर बालवर्गापासून दरवर्षी पात्र ठरलेली केवळ १४ टक्के, आणि सर्वाधिक मागे हीच मुले होती. शंभर टक्क्यांच्या आकड्यात नेमकी ही मुले दिसेनाशी होतात आणि त्यांच्यासाठीची जादा मदत कुठे द्यावी, हेच कळेनासे होते. त्यावरून शिक्षकांच्या कामाचा निकाल लावणे तर सरळ अन्याय आहे.

माहिती हवीच असेल, तर सरकारी योजनांच्या यादीवरून थेट पात्र ठरलेल्या मुलांचे प्रमाण शाळेकडे मागावे, आणि प्रत्यक्ष जाऊन वर्ग पाहावेत.