पट्टे दिसले म्हणजे मण्यारच, असं नाही

पावसाळा लागला की वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज फिरतो: ‘काळ्या अंगावर पांढरे पट्टे म्हणजे मण्यार. साप सोंग घेऊन फसवतो. दिसला की ठेचा. चावा दुखला नाही तर विष चढत नाही.’ यातलं शेवटचं वाक्य जीव घेईल, म्हणून आधी तेच.

मण्यारचा, म्हणजे गुजरातीतल्या काळोतराचा, चावा बहुतेक वेळा दुखतच नाही. सूजही फारशी येत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला तो चावतो आणि मुंगी चावली असेल असं समजून माणूस कूस बदलतो. काही तासांत पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो, कारण हे विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा संदेशच तोडतं. उलट मण्यारसारखाच पट्ट्यांचा, पण बिनविषारी साप कवड्या चिडला तर कडकडून चावतो, रक्त काढतो. मेसेजची कसोटी पूर्ण उलटी आहे.

आता पट्टे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत पालींच्या मागे भिंतीवर चढलेला पट्ट्यांचा साप बहुधा कवड्याच असतो. त्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचे सहसा मानेच्या बरेच मागे सुरू होतात, जोडीजोडीने असतात, शेपटीकडे स्पष्ट होतात; पाठीच्या कण्यावर मोठे षटकोनी खवले दिसतात. पण मण्यारच्या पिल्लांत हा फरक पुसट असतो. टॉर्चच्या उजेडात ओळख पटवून साप हातात घेण्याचं धाडस कुणीही करू नये.

कवड्या सोंग घेत नाही, त्याला मण्यार ठाऊकही नाही. ज्यांचे पट्टे मण्यारशी जुळले त्यांना शिकारी टाळत गेले, ते जगले, त्यांची पिल्लं वाढली. निरुपद्रवी जीव घातक जिवासारखा दिसून वाचतो, हे हेन्री बेट्स यांनी १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडलं.

आणि ठेचायचं म्हटलं तर? काठी घेऊन जाणारा स्वतःच दंशाच्या टप्प्यात जातो. सापांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षणही आहे. लांबून नजर ठेवा, मुलांना बाजूला घ्या, वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा. दंशाची शंका आली तर, दुखो न दुखो, चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, हातपाय न हलवता थेट सयाजी रुग्णालयासारखं मोठं रुग्णालय गाठा.