‘टॅक्स तर तुम्ही भरतच नाहीत’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आमदारांचा वर्षाचा कार्य अहवाल निघाला की पाठोपाठ कार्यकर्त्यांचं फॉरवर्ड येतं हे आता ठरलेलंच आहे. सध्या जे फिरायलंय ते लातूर, बीड, धाराशिव, परभणी सगळीकडं थोड्याफार फरकानं सारखंच, फक्त साहेबांचं नाव नि फोटो बदलतो. त्यात म्हणणं असं, की आपल्या भागातले शेकडा नव्वद लोक एक रुपया टॅक्स भरत नाहीत, मुंबई-पुण्याच्या पैशावर मराठवाडा चालतो, तरीबी साहेबांनी शेकडो कोटींचा निधी खेचून आणला, सरकारनं एका रुपयाची करवाढ केली नाही, दवाखाना, वीज, एसटी सगळं फुकट दिलं, आणि गावात पाणी नसंल तर त्याला तुम्हीच जबाबदार कारण तुम्ही घरपट्टी भरत नाहीत.

असल्या फॉरवर्डला उत्तर देत बसायची सवय नाही मला, पण चांगल्या शिकल्या-सवरल्या, नोकरीतल्या लोकांनी ‘अगदी बरोबर’ म्हणून ते पुढं ढकललं, म्हणून लिहायलोय. साहेब कोणते, पक्ष कोणता ते सोडा, या बाबतीत सगळ्यांचे अहवाल एकाच छापखान्यातून निघाल्यासारखे असतात.

“शेकडा नव्वद लोक टॅक्स भरत नाहीत”

हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात टॅक्स म्हणजे फक्त इन्कम टॅक्स. तो केंद्राचा कर, शेतीच्या उत्पन्नावर तो नाहीच, हे बरोबर. पण आमदार ज्या तिजोरीतून कामं मंजूर करून घेतात ती राज्याची, आणि ती भरते जीएसटीवर, पेट्रोल-डिझेलच्या व्हॅटवर, मुद्रांक शुल्कावर, दारूच्या उत्पादन शुल्कावर, गाड्यांच्या करावर, वीज शुल्कावर. आता यातला कोणता कर आपल्या गावातला माणूस भरत नाही ते सांगा.

फवारणीचं औषध घ्या. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे हजाराच्या औषधावर १८० रुपये, त्यातले ९० राज्याला नि ९० केंद्राला. आता गंमत बघा, कंपनीनं कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीची तिला वजावट मिळते, कृषी केंद्रवाल्याला त्याच्या खरेदीवरची मिळते, आणि शेवटच्या शेतकऱ्याला काहीच मिळत नाही, कारण त्याच्याकडं जीएसटी नंबर नाही, आणि सोयाबीन विकायला नेल्यावर ‘दादा, माझे औषधातले १८० धरून भाव द्या’ असं तो म्हणू शकत नाही, भाव सौद्यात निघतो तो निघतो. व्यापाऱ्याच्या हातून कर पुढं सरकतो, शेतकऱ्यापाशी येऊन मात्र तो त्याच्या खिशातच बसतो. खतावर ५ टक्के, तिथंबी हेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, शेतीचा ट्रॅक्टर १२ वरून ५ वर आला, साबण-टूथपेस्ट १८ वरून ५ वर आली, चांगलं झालं, पण रासायनिक औषधं १८ वरच राहिली. आणि हो, काही अहवालांत ‘साहेबांच्या प्रयत्नांतून जीएसटी कपात’ असंबी छापलंय. जीएसटी कौन्सिलमधी केंद्राचे नि राज्यांचे मंत्री बसतात हो, तिथं आमदाराला खुर्ची नाही.

शेत नाही त्याचं काय? रोजंदारीवर जाणारा पोरगा दोनशेचा रिचार्ज मारतो, त्यात तीस रुपये जीएसटी. मोटरसायकलमधी पेट्रोल टाकतो, त्यावर राज्याचा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे. डिझेलवर २१ टक्के, म्हणजे नांगरटीला, मळणीला, माल नेणाऱ्या छोट्या हत्तीला, सगळीकडं तो कर भाड्यात येऊन बसतो. परभणीकर तर वर्षानुवर्षं राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलमधी गणले जातात, कारण टँकर पार मनमाडच्या डेपोपासून येतो. महावितरणचं घरगुती बिल काढून बघा, ‘वीज शुल्क १६ टक्के’ अशी ओळ सापडंल. ते शुल्क राज्य सरकारचं. आणि दारू पिणाऱ्यांबद्दल काय बोलावं, राज्याची तिजोरी सांभाळायचं काम ते लई इमानदारीनं करायलेत.

तर शेकडा नव्वद लोक टॅक्स भरत नाहीत हे खोटं. शेकडा शंभर भरतात, फक्त पावतीवर त्यांचं नाव नसतं. उलट पन्नास हजार पगारवाला नि दहा हजार कमावणारा दोघं एकाच भावानं पेट्रोल घेतात, मग कमाईच्या मानानं जास्त कोण भरायलंय याचा हिशोब घालून बघा.

“मुंबई-पुण्याच्या पैशावर मराठवाडा चालतो”

यात थोडं खरं आहे, ते आधी सांगतो. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली आणि पुढं १९७५ ला त्यासाठी व्यवसाय कर लावला गेला, आजबी पगारातून वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार कापतात तो. तो मुख्यतः शहरातल्या नोकरदारांकडून यायचा आणि दुष्काळी भागात मजुरी म्हणून जायचा. ठरवून, कायदा करून केलेली गोष्ट होती ती. पण त्या बदल्यात आपल्या लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले, रस्ते केले, बसून खाल्लं नाही.

आता आकड्याचं. कर कुठं ‘जमा’ झाला आणि कोणाच्या खिशातून आला या वेगळ्या गोष्टी आहेत. बँका, विमा कंपन्या, पेट्रोल कंपन्या, मोबाईल कंपन्या यांची मोठाली ऑफिसं मुंबईत, कंपनीचा आयकर तिथं दिसतो, पण गिऱ्हाईक केज नि कळमनुरीतबी आहे. जालन्याचं स्टील नि बियाणं, संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कंपन्या, हे सगळं मराठवाड्यातच आहे ना? आणि महाराष्ट्र स्वतः दिल्लीकडं हीच तक्रार करतो, की आम्ही एवढा कर देतो आणि पंधराव्या वित्त आयोगानं वाटणीत आम्हाला फक्त ६.३१७ टक्के दिले. केंद्र म्हणतं मागास राज्यांना जास्त द्यावं लागतं. मग तोच न्याय राज्याच्या आत लावला की लगेच मराठवाडा फुकटा कसा काय होतो?

मराठवाडा १९५६ ला काही अटी न घालता मुंबई राज्यात आला. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागं राहिला ते, मोजला, घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ ला विकास मंडळं झाली, आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. त्यानंतर पुनर्गठनाच्या घोषणा झाल्या. म्हणजे कोणाला किती मिळालं, किती राहिलं हे मोजणारं जे एक ठिकाण होतं तेच बंद पडलं, आणि आता व्हॉट्सॲपवर मोजणी चालू आहे. अहवालात या मंडळाबद्दल साहेबांनी विधानसभेत काय विचारलं हे एका ओळीत जरी असतं तरी मी तो अहवाल जपून ठेवला असता.

“शेकडो कोटींचा निधी खेचून आणला”

हा खरा मुद्दा, नि इथंच लोक फसतात.

आमदाराच्या हक्काचा म्हणावा असा पैसा म्हणजे आमदार स्थानिक विकास निधी, २०२२ पासून वर्षाला ५ कोटी. तोबी त्यांच्या खात्यात येत नाही, ते कामं सुचवतात, मंजुरी नि पैसे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून. पाच वर्षांचे धरले तरी २५ कोटी. मग शेकडो कोटी कुठून येतात? यादी नीट वाचा. त्यात राष्ट्रीय महामार्ग आहे, तो केंद्राचा. जलजीवन मिशन आहे, त्यात केंद्र नि राज्य निम्मं-निम्मं. जिल्हा नियोजनचा पैसा आहे, जो जिल्ह्याला दरवर्षी येतोच, पालकमंत्री कोणीबी असो. ग्रामविकासाचं पंचवीस-पंधरा, रस्त्यांचं तीस-चोपन्न ही बजेटची खाती आहेत, दलित वस्ती, तांडा वस्तीच्या योजना आहेत. आणि कहर म्हणजे अतिवृष्टीचं अनुदान, पीएम किसानचे हप्ते, लाडक्या बहिणीचे दीड हजारबी काहींनी बेरजेत धरलेत. ज्याचं पीक वाहून गेलं त्याला नियमानं मिळालेली भरपाई ही साहेबांनी आणलेला निधी कशी काय?

दुसरं, ही बेरीज मंजुरीची आहे, खर्चाची नाही. प्रशासकीय मान्यता मिळाली की आकडा अहवालात. मग तांत्रिक मान्यता, टेंडर, कार्यारंभ आदेश, मग निधी वितरण, आणि शेवटी बिल. मधी कुठंबी काम अडकू शकतं आणि अडकतंच, २०२५ मधी थकलेल्या बिलांसाठी राज्यभर कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते ते कशामुळं? एकच रस्ता मंजुरीच्या वर्षी मोजतात, भूमिपूजनाच्या वर्षी मोजतात आणि लोकार्पणाच्या वर्षी परत मोजतात.

मराठवाड्याला या खेळाचा अनुभव जुना आहे. ऑक्टोबर २०१६ ला संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, मंत्रिमंडळाची बैठक झाली, चार वर्षांसाठी ४९ हजार कोटींच्या पुढचा आकडा जाहीर झाला. सप्टेंबर २०२३ ला परत तिथंच बैठक, परत ४५ हजार कोटींच्या वर, सिंचनाचे १४ हजार कोटी वेगळे. दोन्ही वेळी पेपरात पहिल्या पानावर. त्यातलं किती वितरित झालं, किती खर्ची पडलं याची बातमी तशी पहिल्या पानावर कधी वाचली का कोणी?

एक मान्य करतो, पाठपुरावा ही गोष्ट खरी आहे. मंत्रालयात चकरा मारणारा आमदार आणि न मारणारा आमदार यात फरक पडतो, फाईल हलवायला माणूस लागतो. त्याचं श्रेय द्यावं, कंजूसपणा नको. पण मग फाईल कोणती, कुठल्या महिन्यात हलली, पैसा उतरला का, एवढं लिहा. जागरण-गोंधळाला, लग्नाला, मयतीला किती ठिकाणी गेलो याचे फोटो पानंच्या पानं, आणि तारांकित प्रश्न किती टाकले, पुरवणी मागण्यांवर काय बोललो याला जागा नाही.

“एका रुपयाची करवाढ नाही”

ऑक्टोबर २०२४ ला शंभरचा बाँड (स्टॅम्प पेपर) पाचशेचा झाला. वाटणीपत्र, करारनामा करायला गेलेल्या कोणालाबी विचारा. १० मार्च २०२५ च्या बजेटमधी सीएनजी-एलपीजीच्या खासगी गाड्यांचा कर एक टक्क्यानं वाढला. जून २०२५ ला विदेशी मद्याचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं, देशीचं प्रूफ लिटरला, म्हणजे त्यातल्या अल्कोहोलच्या मापानं, १८० रुपयांवरून २०५. दारूवर वाढवलं त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण मग ‘एक रुपयाबी नाही’ असं लिहू नका.

आणि कर नसला तरी खिशातून जाणारं बघा. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्के वाढलं. एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद होऊन परत दोन टक्के हप्ता आला, आणि नेमकं त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला.

“सगळं फुकट दिलं”

यावर जास्त लिहीत नाही, कारण पहिल्याच मुद्द्यात उत्तर आलंय, पैसा कोणाचा ते. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपाला एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे, खरंय, कोणत्या तासाला येते तेबी लिहायचं होतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण तो निर्णय त्या खात्यापुरता होता, संभाजीनगरचं घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वाराती ही सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याखाली येतात, नि आपल्याकडं पेशंट सिरीयस झाला की शेवटी तिथंच न्यावं लागतं.

“घरपट्टी भरत नाहीत म्हणून पाणी नाही”

हा आरोप निम्मा खरा आहे, आणि आपल्याला झोंबतो तो त्यामुळंच. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती यांची थकबाकी गावोगावी आहे, नमुना नऊ, म्हणजे ग्रामपंचायतीचं करमागणीचं रजिस्टर, काढून बघितलं तर भल्याभल्यांची नावं दिसतील, त्यात साहेबांच्या गाडीमागं फिरणारेबी असतील. बोअरचं, नळयोजनेचं लाईट बिल ग्रामपंचायतीला याच पैशातून भरावं लागतं, ते थकलं की कनेक्शन तुटतं. ते भरलंच पाहिजे, दुमत नाही.

पण टाकी बांधून वर्ष-दोन वर्षं झाली नि पाईपलाईनचा पत्ता नाही, हे घरपट्टीमुळं होत नाही. जलजीवनचं काम २०२४ पर्यंत संपायचं होतं, मुदत २०२८ वर गेली, कितीक गावांत खोदलेले रस्ते तसेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के पाणी नि स्वच्छतेलाच बांधलेला होता, आणि मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं झेडपीवर प्रशासक, निवडून आलेला सदस्यच नव्हता, मग विचारायचं कोणाला होतं? तेव्हा निवडणूक लवकर घ्या म्हणून किती आमदार सभागृहात भांडले तेबी बघायला पाहिजे.

ज्याला खरंच तपासायचंय त्यानं असं करावं. अहवालातलं आपल्या गावचं एकच काम घ्या, शेकडो कोटींच्या नादी लागू नका. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट, दीडशे शब्दांच्या आत आणि एकच विषय, नाहीतर अर्ज परत येतो. बांधकाम किंवा पाणीपुरवठ्याच्या ज्या उपविभागाकडं काम आहे तिथं द्या. विचारा, प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची, लेखाशीर्ष (बजेटचं खातं) कोणतं, निधी किती वितरित झाला, आजपर्यंत किती बिल निघालं, आणि मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाचं माप लिहितात त्या वहीची, प्रत द्या. तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आलं की ते त्याच ग्रुपवर टाका, जिथं फॉरवर्ड पडलं होतं.