लाडक्या बहिणी आणि नॉर्विचच्या विधवा

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लाडक्या बहिणींचा विषय निघाला की सगळे अर्थतज्ज्ञ होतात. महिन्याला 1500 रुपये मिळायला लागल्यापासून कामाला बाया मिळत नाहीत म्हणे. परवा एकाने लिहिलं, "तुमच्या इंग्लंडात कष्टाला किंमत आहे, इथे आळसाला." गृहस्थ स्वतः जुन्या पेन्शनवर. असो.

इंग्लंडचं नाव काढलंच आहे तर ऐका. मी राहतो त्या नॉर्विचमध्ये 1570 साली शहराच्या कारभाऱ्यांनी घरोघर फिरून गरिबांची यादी केली. पोराबाळांसकट 2300 च्या आसपास माणसं. नाव, वय, धंदा, काम करतो की नाही, सगळं टिपलेलं. त्यात ऐंशी वर्षांची एक विधवा आहे. एक हात अधू, तरी सूत कातते. आळस शोधा बघू! पण खटाटोप होता तो खरे गरीब आणि फुकटे वेगळे काढायचा. धडधाकट माणूस रिकामा फिरताना सापडला तर फटके. 1572 च्या कायद्याने तर तापल्या लोखंडाने कान भोसकायचे. काम मिळत नाही, हे कुणी ऐकूनच घेत नसे. 1601 पासून प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, घरवाल्यांकडून कर गोळा करून आपापले गरीब पोसायचे ठरलं, आणि कर भरणाऱ्यांचं तोंड सुटलं ते सुटलंच. 1697 मध्ये मदत घेणाऱ्यांच्या उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचं अक्षर शिवायची सक्ती झाली. बायकोपोरांच्याही.

आमच्या आईकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या खात्यातही ते पैसे येतात. त्यांनी काम सोडलं नाही. एकच घर सोडलं, दर खाड्याचे पैसे कापणारं.

मला स्वतःला झोंबतो तो 1662 चा कायदा. परगावचा माणूस वर्षाला दहा पौंडांहून कमी भाड्याच्या घरात उतरला, तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ गावी धाडता येई. त्याने मदत मागितलेली नसली तरी, पुढेमागे मागेल एवढ्या संशयावर. मी आलो तेव्हा माझ्याही व्हिसावर छापलेलं होतं, सरकारी मदत मिळणार नाही. कर मात्र पहिल्या पगारापासून कापला. हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. तिथे मी एनएचएसचं, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं कौतुक सांगतो, आणि इंग्लंडात बेनिफिटवाल्यांना, म्हणजे सरकारी मदत घेणाऱ्यांना, कुणी नावं ठेवत नाही असंही ठोकून देतो. आमच्या ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत एकदा येऊन बसा, म्हणजे कळेल. त्या गप्पांत मीही मान डोलावतो. नव्याने आलेल्यांचा विषय निघाला की जरा जास्तच.

"तू पासपोर्ट बदललास, तुला तिथे बसून काय करायचंय?" असं ग्रुपवर हमखास विचारतात. मत देता येत नाही, कबूल. पण साताऱ्याच्या घराची घरपट्टी अजून मीच भरतो, तेव्हा बोलणार.