लेकर्सचे सेंटर: माझा क्रम घ्या, मग भांडा

परवा खेळून झाल्यावर कठड्यावर बसलो आणि विषय निघाला, लेकर्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिसच्या टीमचा, सगळ्यात मोठा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) कोण? इतकं वाजलं की वॉचमनने लाइट बंद करून आम्हाला हाकललं. म्हणून उरलेलं इथे. माझी अट एकच: लेकर्सची जर्सी अंगात असताना जे केलं तेवढंच मोजायचं.

या अटीत पहिला मार बसतो विल्ट चेंबरलेनला. एका सामन्यात 100 गुण, मोसमभर सरासरी 50 च्या वर, ते सगळं फिलाडेल्फियाच्या टीमकडून. लेकर्सकडे 1968 मध्ये आला तेव्हा ऐन भराचा काळ सरला होता. 1971-72 मध्ये सलग 33 विजय आणि विजेतेपद, त्यात गुणांची हाव सोडून त्याने रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) आणि डिफेन्स सांभाळला, हे कबूल. पण 1969 च्या फायनलचा सातवा सामना डोक्यातून जात नाही. घरचं मैदान, समोर बोस्टन, विजयासाठी छताला फुगे बांधून ठेवलेले. गुडघा दुखावला म्हणून हा बाहेर आला, नंतर परत जातो म्हणाला तर कोचने घेतलंच नाही. सामना दोन गुणांनी गेला. चूक कोचची, तरी माझ्याकडे विल्ट चौथा.

तिसरा जॉर्ज मायकन. इथे आमच्यातली पोरं हसली. जाड भिंगाचा चष्मा लावून खेळणारा माणूस, तोही टीम मिनियापोलिसला होती तेव्हाचा! (लेकर्स हे नाव तिथल्या तळ्यांवरून पडलं. 1960 मध्ये टीम लॉस एंजेलिसला गेली, नाव सोबत गेलं.) अरे, पण या एका माणसाला आवरायला 1951 मध्ये बास्केटखालची लेन (आक्रमण करणाऱ्याला जिथे जास्त वेळ थांबता येत नाही तो पट्टा) 6 फुटांची 12 फूट केली. 1950 मध्ये फोर्ट वेनच्या टीमने त्याच्या धास्तीने बॉल नुसता हातात धरून ठेवला आणि सामना 19-18 ने जिंकला. लेकर्सच्या 18 पैकी 15 मायकनचे! असल्या रटाळ सामन्यांना कंटाळूनच पुढे 1954 मध्ये 24 सेकंदांचं घड्याळ आलं, तेवढ्यात शॉट मारायलाच लागतो. सहा मोसमांत पाच विजेतेपदं. त्या लीगमध्ये 1950 पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूच नव्हते, म्हणून तो तिसऱ्याच्या वर जात नाही. आणि हसणाऱ्यांनो, बास्केटखाली डावीकडून-उजवीकडून आळीपाळीने ले-अप मारायला लावतात ना कोच, त्याचं नाव मायकन ड्रिल आहे.

दुसरा शॅक, म्हणजे शकील ओ'नील. 2000, 2001, 2002, तिन्ही फायनलचा तोच एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). 2000 च्या फायनलमध्ये सरासरी 38 गुण. ऐन बहरातला शॅक विरुद्ध बाकी कोणीही, मी शॅकवर पैसे लावीन. पण फ्री थ्रो, फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट? निम्मे बाहेर. आणि आठ मोसमांत गोष्ट संपली, 2004 मध्ये मायामीला रवाना.

म्हणून पहिला करीम अब्दुल-जब्बार. 14 मोसम, पाच विजेतेपदं, तीनदा मोसमाचा एमव्हीपी, सगळं लेकर्सकडून. 1985 ची फायनल बघा. पहिल्या सामन्यात बोस्टनने 148-114 असं धुतलं, सगळे म्हणाले म्हातारा संपला. दुसऱ्या सामन्यात त्याचे 30 गुण, 17 रिबाउंड. फायनलचा एमव्हीपी तोच, वय 38.

पाऊ गसोल कुठे, असं विचाराल. मला प्रचंड आवडतो, पण दुसरा सेंटर बायनम फिट असला की तो फोरला, म्हणजे सेंटर सोडून पॉवर फॉरवर्डच्या जागी, खेळायचा. व्लाडे डिवाच गोड माणूस, पण त्याला देऊन 1996 मध्ये कोबी ब्रायंट मिळाला, हेच त्याचं लेकर्सवरचं सर्वात मोठं उपकार. आणखी एक सेंटर, ड्वाइट हॉवर्ड, त्याचं नाव कोणी काढू नका.

करीमचा खास शॉट, स्कायहूक, दिसायला अगदी सोपा. डावा खांदा डिफेंडरकडे, डाव्या पायावर उडी, उजवा गुडघा वर, उजवा हात पूर्ण ताठ आणि अगदी शेवटी मनगट. सव्वासात फुटांच्या माणसाच्या हातातला बॉल तिथपर्यंत पोचला की अडवणार कोण? मी कॉलेजपासून घोटतोय. परवाही मारला. बोर्डावरून पलीकडे, थेट नालीत. आणायलाही मलाच पाठवलं.