मिनियापोलिसचा ‘एकदाही दुरुस्त न केलेला’ दगडी पूल

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या दगडी रेल्वे पुलाचा फोटो पुन्हा फिरतोय. खाली मजकूर: “१८८३चा हा पूल एकदाही दुरुस्ती न करता जसाच्या तसा उभा आहे. शेजारचा आधुनिक पूल ४० वर्षांत कोसळला. दगडाला मरण नाही!” या पुलावरून मी जवळजवळ रोज चालतो. त्याच्यावर माझा जीव आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

‘एकदाही दुरुस्ती नाही’ हे साफ खोटं. १९६५च्या महापुरात मिसिसिपी नदीने खांबांचा पाया खरवडला आणि पूल खचला. तेव्हा दुरुस्त केला म्हणून आज फोटो काढायला शिल्लक आहे. २०२४ मध्ये पुन्हा मोठं काम निघालं, खराब दगड बदलायचं आणि दगडांमधल्या दरजा भरायचं. इथल्या थंडीत ते चुकत नाही. दरज उघडी पडली की पाणी आत शिरतं, गोठून फुगतं, दगड सांधणारा मसाला भुसभुशीत होतो. काम सुरू होण्याआधी काठावरच्या कमानीखाली एका दरजेत माझं बोट पेरभर आत जायचं. बाहेर काढलं की नखात वाळू.

‘जसाच्या तसा’ही नाही. जेम्स हिल यांच्या रेल्वेने बांधला तेव्हा २३ कमानी होत्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन काढून तिथे लोखंडी सांगाडा बसवला, कारण धबधब्याशेजारच्या नव्या लॉकमध्ये, म्हणजे बोटी पाण्यासोबत वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदात, बोटींना जायला वाट हवी होती. ते लॉक २०१५ मध्ये बोटींसाठी बंद झालं. कमानी गेल्या त्या गेल्याच, याची हळहळ अजून वाटते. रेल्वेही १९७८नंतर थांबली. १९९४ पासून इथे माणसं आणि सायकली जातात.

शेजारचा महामार्गाचा पूल पडला, हे खरं. १ ऑगस्ट २००७, १३ माणसं गेली. पण तुळया जोडणाऱ्या पत्र्यांची जाडी मूळ आराखड्यातच हवी त्याच्या निम्मी होती, आणि त्या दिवशी वर दुरुस्तीच्या सामानाचे ढीग होते. चूक हिशेबाची, लोखंडाची नव्हे.

आणि ‘दगडाला मरण नाही’ हे तरी आपण म्हणू नये. महाडचा सावित्रीवरचा पूल दगडी कमानींचाच होता, १९२८चा. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. कमानीत दगड दगडाला दाबून धरतो, त्यामुळे वरचं ओझं ती सहज पेलते. पण सगळा दाब शेवटी पायावर येतो. पायाखालची जमीन पाण्याने नेली, तर वरचा दगड कितीही अभंग असो, उपयोग नाही. आणि ते रस्त्यावरून दिसत नाही. कुणीतरी पाण्यात उतरून बघावं लागतं. त्यासाठी पैसे मागितले की ‘दगडी आहे, त्याला काय होतंय’ हेच उत्तर मिळतं, आणि असे मजकूर त्याला बळ देतात.

फोटो जरूर पाठवा. दुरुस्तीचं ते वाक्य तेवढं काढा.